उरलेली लोकर आणि वेळेचा हिशोब

थंडी सरत आली की विणकाम होणाऱ्या घरात एक पिशवी हमखास तयार झालेली असते. अम्मीच्या शालीतून उरलेली मरून लोकर, बाळाच्या टोपीतली आकाशी, कुणाच्या तरी स्वेटरच्या बाहीतून वाचलेली मोरपंखी. यातला एकही गोळा इतका मोठा नसतो की त्यात मोज्यांचा जोड व्हावा, आणि इतका लहानही नसतो की तो सहज केरात टाकावा. गेल्या अंकात स्वेटरच्या गळ्याबद्दल लिहिले, तेव्हा काही भगिनींनी पत्रांतून हेच विचारले. या पिशवीचे काय करायचे?

माझे उत्तर असे की, मनगटात घालायच्या विणलेल्या पट्ट्या आणि कडी करा. आमच्या शाळेतल्या मुली त्यांना सरसकट ‘बँड’ म्हणतात. ब्रेसलेट म्हणा, कंगन म्हणा, नावाने काही बिघडत नाही. नव्याने शिकणारीसाठी यापेक्षा चांगले काम मला माहीत नाही. पहिल्या झटक्यात स्वेटरच हाती घेणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पाठ होते, पुढचा भाग निम्म्यावर येतो, परीक्षा लागते आणि सुयांसकट सगळे पेटीत जाते. मनगटाची पट्टी मात्र एका बैठकीत पुरी होते आणि दुसऱ्या दिवशी हातात घालून जाता येते. मुलींना आणि मुलांनाही. आमच्या सातवीच्या वर्गात हे काम सगळ्यांत सफाईने करणारा एक मुलगाच आहे.

आधी लोकर ओळखा. गोळ्यावरची कागदी पट्टी बहुधा हरवलेली असते आणि बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळते त्यातले बरेचसे ॲक्रिलिक असते. ओळखायची रीत जुनीच आहे. बोटभर धागा चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर पेटवायचा. हे काम मोठ्यांनीच करावे. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. सूत कागदासारखे जळते, मऊ करडी राख उरते. ॲक्रिलिक वितळते आणि टोकाला काळा टणक मणी धरतो. आमच्यासारख्या मागाच्या गावात सुताच्या लहानमोठ्या लडीही घरात असतात. त्याही चालतात, पण सुताला ताण कमी, म्हणून त्याच्या पट्टीला गुंडी हवीच. लाल, मरून आणि काळा धागा आधी ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून पाहा. रंग सुटत असेल तर तो फिकट रंगाशेजारी घेऊ नका.

आता विणकाम. सगळ्यांत सोपी आणि देखणी म्हणजे चार टाक्यांची गोल दोरी. तिला मोज्याच्या सुया लागतात, म्हणजे दोन्ही टोके मोकळी असलेल्या. नेहमीच्या मध्यम जाडीच्या लोकरीला ८ नंबरची सुई घ्या. सुयांचे हे जुने नंबर उलटे चालतात, हे नव्या मुलींना सांगावे लागते. आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे सव्वातीन.

सुईवर चार टाके घाला आणि चारही सुलट विणा. आता नेहमीसारखे काम उलटवायचे नाही. टाके तसेच सुईच्या दुसऱ्या टोकाकडे सरकवा, धागा पाठीमागून ओढून आणा आणि पुन्हा चारही सुलट विणा. प्रत्येक ओळीचा पहिला टाका जरा घट्ट ओढायचा. पहिल्या पाच-सहा ओळींत हे काहीतरी फसल्यासारखे दिसते, मागे धाग्याची शिडी लोंबते. घाबरू नका. खाली धरून दोरी हलकेच ओढली की शिडी मिटते आणि गोल नळी तयार होते. हवी तेवढी लांबी झाली की टाके बंद करा. धाग्याची वीतभर शेपटी दोन्ही टोकांना राखा, जोडायला आणि गुंडीचा फासा करायला तीच उपयोगी पडते.

ज्यांच्या हातात सुया अजून बसत नाहीत त्यांनी रिळावर विणावे. पूर्वी शिवणाची लाकडी रीळ घेऊन तिच्या तोंडाशी चार बारीक खिळे ठोकत. आता लाकडी रिळी मिळत नाहीत, म्हणून पुठ्ठ्याच्या नळीला आइस्क्रीमच्या चार काड्या चिकटपट्टीने बांधायच्या. काड्यांभोवती धागा गुंडाळायचा, वर दुसरा वेढा द्यायचा, आणि खालचा फासा उचलून काडीवरून आत टाकायचा. नळीच्या खालच्या तोंडातून दोरी बाहेर येऊ लागली की पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पाच वर्षांच्या मुलापासून नानीपर्यंत कुणालाही हे जमते.

तीन रंगांच्या तीन दोऱ्या करून त्यांची वेणी घातली तर ती पट्टी दुकानातल्या मालाला मागे टाकते. वेणीत लांबी आटते, म्हणून प्रत्येक दोरी सव्वापट घ्या. उरलेल्या लोकरीची खरी गंमत इथे आहे. नवी लोकर आणायला गेलो तर आपण शोभणारे रंग निवडतो आणि ते सगळे एकाच घराण्यातले असतात. पिशवीत मरूनच्या शेजारी पोपटी आपोआप येतो, आणि तो चांगला दिसतो.

माप घ्यायचे ते बांगडीच्या नंबरावरून घ्या. हा नंबर आपण रोज बोलतो, ‘मला दोन-चार येते’, ‘तिला दोन-सहा’, पण त्याचा अर्थ क्वचितच कुणी विचारतो. मी सातवीच्या वर्गात फळ्यावर प्रश्न घातला : दोन-दहाची बांगडी मोठी की दोन-चारची? दशांश अपूर्णांक नुकतेच झाले होते. निम्म्याहून जास्त हात ‘दोन-चार मोठी’ म्हणून वर आले, कारण २.४ हे २.१० पेक्षा मोठे. शेवटच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘‘आपा, असं कसं? माझ्या अम्मीला दोन-दहा लागते आणि मला दोन-चार.’’ ती बरोबर होती. हा दशांश नाहीच. इंचाचे सोळा भाग केले आहेत आणि त्यातले चार, सहा, आठ, दहा मोजायचे आहेत. जसे रुपयाचे सोळा आणे. दोन रुपये चार आणे म्हणजे सव्वादोन रुपये, तसे दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच. हा बांगडीचा आतला व्यास. त्याला ३.१४ ने गुणले की घेर येतो : दोन-चारचा साधारण १८ सेंटीमीटर, दोन-सहाचा १९, दोन-आठचा २०. दर पायरीला एकेक सेंटीमीटर वाढतो. पाय या आकड्याला मुलींनी त्या दिवशी पहिल्यांदा हात लावला, असे म्हणायला हरकत नाही.

काचेची बांगडी ताणत नाही, म्हणून ती पंज्याच्या मापाने घ्यावी लागते. विणलेली दोरी ताणते. तेव्हा सलग गोल कडे करायचे असेल तर बांगडीच्या घेरापेक्षा एक-दीड सेंटीमीटर कमी धरा. गुंडीची पट्टी असेल तर पंज्याचा संबंधच नाही, मनगटाला मेजरटेप लावा आणि एक सेंटीमीटर जास्त घ्या. माझी पसंती गुंडीला आहे. वुज़ूच्या वेळी पट्टी काढून ठेवावी लागते आणि दिवसातून पाच वेळा ओढून काढलेले कडे आठवड्यात सैल पडते.

ज्यांना क्रोशा येतो त्यांच्यासाठी आणखी एक प्रकार. जुनी, रंग उडालेली प्लास्टिकची किंवा धातूची बांगडी घ्या आणि तिच्यावर मुक्या खांबांनी लोकर चढवा. दोन-सहाच्या बांगडीवर साठ-सत्तर खांब दाटीने बसतात. पहिली फेरी झाली की वर कंगोरे काढा, मणी ओवा, काय हवे ते करा. धातूच्या बांगडीने ज्यांच्या मनगटावर खाज आणि लाली येते, त्यांनी मात्र ही लोकर चढवलेली धातूची बांगडी घालू नये. घामाने धातूचा अंश लोकरीतूनही कातडीला लागतो. त्यांनी प्लास्टिकचीच घ्यावी. काचेच्या बांगडीवर कुणीच विणू नये. आत फुटली तर कळत नाही.

किती लोकर लागते? सपाट विणीत एका ओळीला रुंदीच्या तिप्पट धागा जातो, हा जुना अंदाज धरून चाला. त्या हिशेबाने १८ सेंटीमीटरच्या चार टाक्यांच्या दोरीला तीन मीटर आणि शेपट्या धरून साडेतीन. मध्यम जाडीचा ५० ग्रॅमचा गोळा सुमारे ११० मीटरचा असतो. म्हणजे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तुमचा उरलेला गोळा २५ ग्रॅम भरला, तर त्यात पंधरा दोऱ्या निघतील. विणायला बसण्याआधी वजन करण्याची सवय लागली की काम मध्येच धागा संपून अडत नाही.

विणकाम म्हटले की आपल्याकडे मडमांनी शिकवलेली कला असे समजतात. आपल्या देशापुरते त्यात तथ्य आहे, मिशनच्या शाळांतून ते घरोघर गेले. पण सुयांवरच्या विणकामाचे जे फार जुने नमुने आज जगातल्या संग्रहालयांत आहेत, त्यातले कितीतरी इजिप्तमधले आहेत. मुस्लिम राजवटीच्या काळातले निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे आणि तुकडे, काहींवर कूफी वळणाच्या अक्षरांची नक्षी. स्पेनमध्ये बुर्गोस शहराजवळच्या लास उएल्गास मठात फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राची कबर आहे. तो १२७५ मध्ये वारला. त्याच्या कबरीत रेशमाची विणलेली उशी सापडली. तिच्या काठावर अरबी अक्षरांत ‘बरकत’ हा शब्द पुन्हा पुन्हा विणलेला आहे. ख्रिस्ती राजपुत्राच्या उशीवर हा शब्द विणणारे हात मुस्लिम कारागिरांचे असावेत, असे अभ्यासक मानतात. त्या उशीत इंचाला सुमारे वीस टाके आहेत. आपल्या दोरीत पाच-साडेपाच असतात. वर्गात मी पट्टीवर एक इंच दाखवून त्यात वीस खुणा करायला सांगितल्या, तेव्हा मुली गप्प झाल्या. राजपुत्राचे नाव आपल्यापर्यंत आले, विणणाऱ्याचे आले नाही.

आणि याच ठिकाणी मला या महिन्याचे मुख्य सांगायचे आहे.

आमच्या शाळेच्या आनंद मेळाव्यात मुलींनी या पट्ट्यांचा ठेला मांडला होता. किंमत दहा रुपये. एका पालक भगिनींनी पट्टी उलटसुलट केली, छान म्हणाल्या आणि पुढे म्हणाल्या, ‘‘उरलेल्या लोकरीचंच तर आहे, पाचला दे.’’ मुलीने दिली. त्या बाई वाईट नव्हत्या. आपण सगळ्याच असे बोलतो. लोकर उरलेली, म्हणून वस्तू फुकटातली, आणि मुलगी घरीच बसलेली असते, म्हणून तिचा वेळही उरलेला. या दोन वाक्यांत फरक आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

त्यानंतर बांगड्यांचे दुकान असलेले एक गृहस्थ शाळेत आले. त्यांना एका लग्नातल्या मेहंदीच्या रात्री वाटायला दीडशे पट्ट्या हव्या होत्या, पंधरा दिवसांत, नगाला आठ रुपये दराने. मुली आनंदाने उड्या मारायच्याच बाकी होत्या. बाराशे रुपये! मी हो किंवा नाही काही म्हटले नाही. वही काढायला सांगितली.

लोकर फुकट धरायची नाही, ती पुन्हा आणावी लागली तर काय भाव पडेल ते धरायचे, असे ठरले. साडेतीन मीटरचे दोन रुपये, गुंडीचे दोन. आठातून चार गेले, चार राहिले. वेळ? घड्याळ लावून पाहिले होते, नवशिक्या हाताला दोरी, जोडणी आणि गुंडी मिळून चाळीस मिनिटे लागतात. म्हणजे तासाला सहा रुपये. मग एकीने दीडशेला चाळीसने गुणले. सहा हजार मिनिटे, शंभर तास. मुली अकरा. प्रत्येकीचे नऊ तासांहून जास्त, तेही घटक चाचणीच्या पंधरवड्यात. वर्गात थोडा वेळ कुणी काही बोलले नाही.

बी.एड.ला आम्हाला वर्धा शिक्षण योजना होती. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींनी बोलावलेली परिषद भरली आणि हस्तोद्योगाभोवती शिक्षणाची आखणी करायला डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मुलांच्या हातून होणाऱ्या वस्तू विकून शाळेचा खर्च निघावा, ही त्यातली एक कल्पना होती. झाकिर हुसेन यांनी हस्तोद्योगाचा पुरस्कार केला, पण खर्च निघण्यावर फार भर दिला तर शिक्षक गरीब मुलांच्या श्रमावर जगणारे मुकादम होतील, असा इशाराही त्याच परिषदेत दिला. तेव्हा मी हा मुद्दा परीक्षेपुरता पाठ केला होता. दुकानदार समोर खुर्चीवर बसलेले असताना त्याचा अर्थ नीट कळला. कार्यानुभवाच्या तासाला मुलाने दहावी पट्टी विणली तर तो काही शिकतो. दीडशेपैकी चौदावी विणताना तो फक्त मजुरी करतो.

हिशोब चालू असतानाच एका मुलीने हात वर केला. ‘‘आपा, अम्मी घरी कांड्या भरते. तिचा तासाचा दर काढू का?’’ मी म्हटले, घरी विचारून काढ. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. किती कांड्या, किती पैसे, त्यासाठी किती तास, आणि मधेच स्वयंपाकाला, धाकट्याला झोपवायला उठावे लागले तो वेळ वेगळा काढलेला. मांडणी इतकी नीट होती की मी ती वर्गाला नमुना म्हणून दाखवू शकले असते. दाखवली नाही. तो आकडा तिच्या घरचा आहे, म्हणून इथेही देत नाही. तिने एवढेच विचारले, की अम्मीला हे सांगू का. मी सांग म्हटले. नंतर कळले की अम्मीने तो आकडा तिच्याकडून दोनदा वाचून घेतला आणि वहीचे ते पान फाडून डब्यात ठेवले.

दुकानदारांना मुलींनीच उत्तर दिले. मी फक्त शेजारी उभी होते. दीडशे नाही, चाळीस. पंधरा दिवसांत नाही, चाचणी झाल्यावर. आठ रुपये नाही, पंचवीस. ते हसले, म्हणाले, ‘‘बेटा, एवढ्यात तर मला मशीनवरचा माल मिळतो.’’ एकीने लगेच म्हटले, ‘‘मग तो घ्या, अंकल.’’ मला तिला दटावावेसे वाटले नाही. त्यांनी शेवटी बावीसला चाळीस घेतले. लग्नाच्या हंगामात आणखी घेतील की नाही ते त्यांचे ते जाणोत.

घरी विकायला करणाऱ्या भगिनींना एक सुचवते. किंमत सांगताना ‘उरलेल्या लोकरीचे आहे’ हे वाक्य आपल्या तोंडून काढू नका. गिऱ्हाईक ते काढेलच. वस्तूला लहान चिठ्ठी बांधा आणि तिच्यावर धागा कोणता आणि विणायला किती मिनिटे लागली एवढे लिहा. आमच्या मुलींनी या वर्षीच्या मेळाव्यात तसे केले. दोन जणींनी चिठ्ठी वाचूनही घासाघीस केली. बाकीच्यांनी केली नाही. नातलगांना, मैत्रिणींना ईदीसोबत द्यायची असेल तर मात्र किंमत-चिठ्ठी काही नको, तो हिशोब वेगळा.

काही सूचना राहिल्या. तान्ह्या बाळाच्या मनगटात विणलेली पट्टी बांधू नका. सुटलेला धागा बोटाला वेढला तर रक्त थांबते आणि बाळ का रडते ते कळत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांना गुंडीची किंवा मण्यांची पट्टी देऊ नये. गॅसपाशी उभे राहताना, प्रयोगशाळेत बर्नर लावताना आणि शिवणयंत्रावर बसताना पट्टी काढून ठेवावी. ॲक्रिलिक पेटले तर वितळून कातडीला चिकटते. धुताना कोमट पाणी आणि थोडा शाम्पू पुरे. खऱ्या लोकरीची पट्टी गरम पाण्यात घातली तर ती आटून बाहुलीच्या मापाची होईल. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सावलीत आडवी वाळवा.

पुढच्या अंकात गुंडीचा फासा आणि वेणीच्या टोकांची जोडणी आकृतीसह देईन. तोवर पिशवी उघडा, गोळे वजन करून ठेवा आणि ज्यांना कार्यानुभवाच्या वहीसाठी नमुना हवा आहे त्यांनी चार टाक्यांची वीतभर दोरी विणून ठेवावी.